लेकीच्या नावची बाटली

आमच्याकडे आहेरात आलेलं ब्लाउजपीस कुणी शिवत नाही. ते फिरतं. माझ्या आईच्या कपाटात अशा कापडांचा एक वेगळा कप्पा होता आणि कुणाकडे जायचं निघालं की आई आधी तिथे हात घालायची. एकदा तर आमच्या मामींना आम्ही त्यांनीच दिलेलं कापड परत दिलं, आणि मामींनी "अय्या, किती छान रंग!" म्हणून ते ठेवूनही घेतलं. त्यात कुणाला काही वाटायचं नाही. वस्तू घरात पडून राहण्यापेक्षा चार घरी जाऊन आलेली बरी, आणि कुणाच्या दारात रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढीच त्यामागची समजूत. पूर्वी मी हे सगळं लोकांना रंगवून सांगायचे. आता हसू येत नाही, कारण हायडेलबर्गला आल्यावर आम्ही एका दारूच्या बाटलीचं ब्लाउजपीस केलं.

दारू म्हटलं की माझी लेक चिडते. "वाइन, ममा. वाइन म्हण." बरं बाई, वाइन. फ्रान्सच्या आल्सास भागातली पांढरी वाइन, सडपातळ, लांब मानेच्या हिरव्या बाटलीतली. ऱ्हाइन नदी ओलांडली की ते गाव, आमच्या घरापासून गाडीने दोनेक तासांवर. तिथल्या एका घराण्याने पिढ्यान् पिढ्या आपल्याच मळ्यातल्या द्राक्षांपासून, आपल्याच तळघरात केलेली. अशी वाइन वीस-वीस वर्षं टिकते आणि मुरत जाते, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला लोणचं मुरतं एवढंच माहीत होतं.

त्या घराण्यातली मुलगी आमच्या खालच्या मजल्यावर राहायची. मुलगी म्हणजे तेव्हाच सत्तरी गाठलेली. जर्मन माणसाशी लग्न करून नदीच्या अलीकडे आलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आम्ही आपसात त्यांना 'खालच्या आजी' म्हणायचो. मळा त्यांचा धाकटा भाऊ बघायचा. त्यालाही मूल नव्हतं. दर ऑक्टोबरला आजी दोन आठवडे घराला कुलूप लावून द्राक्षतोडणीला जायच्या आणि परत यायच्या ते हातांवर ओरखडे, चेहरा रापलेला आणि आवाज बसलेला घेऊन. येताना आमच्यासाठी दारात द्राक्षांची परडी असायची. परडी परत देताना मी तिच्यात कधी लाडू, कधी शंकरपाळे घालायचे. रिकामी परडी कशी द्यायची? तर दुसऱ्या दिवशी पुन्हा परडी दारात, आता सफरचंदांची. अशी ती परडी वर-खाली करत राहायची आणि नवरा म्हणायचा, "तुम्हा दोघींपैकी एक जण मेल्याशिवाय हे थांबायचं नाही."

आमचं बिऱ्हाड तेव्हा म्हणजे नुसता मुक्काम होता. नवरा इथल्या एका संस्थेत संशोधक, मी दुसऱ्या प्रयोगशाळेत, दोघांचीही कंत्राटं दोन-दोन वर्षांची. पुण्याहून आणलेली दोन खोकी आम्ही उघडलीच नव्हती, कशाला उघडायची, पुन्हा बांधावी लागणार म्हणून. पडदे घेतले नव्हते. टेबल एकाने टाकून दिलेलं, खुर्च्या दुसऱ्याने. पुण्याला फोन केला की "आता काय, पुढच्या वर्षी येतोच आहोत" हे वाक्य ठरलेलं. खोटं बोलत नव्हतो आम्ही. तसंच वाटायचं खरोखर.

त्यात लेक झाली, ऐन ऑक्टोबरमध्ये. आजी तेव्हा मळ्यात होत्या. परत आल्या त्या थेट वर आल्या, हात धुतले, बाळ मांडीवर घेतलं आणि त्याच्याशी त्यांच्या गावच्या बोलीत काहीतरी पुटपुटत बसल्या. तासभर हलल्या नाहीत. मी बापडी उभी. शेवटी मीच बाजूला बसून झोप काढली.

पहिल्या वाढदिवसाला माझे सासू-सासरे नागपूरहून आले होते. आम्ही बौद्ध. सासूबाई रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हटल्याशिवाय चहा घेत नाहीत, आणि त्यातलं पाचवं शील, म्हणजे दारूला शिवायचं नाही हे, त्यांच्या घरात नुसतं म्हणायचं नव्हतं तर पाळायचं होतं. त्यांच्या वस्तीत त्यांनी बाया गोळा करून गुत्ता बंद पाडलेला. तर अशा बाईच्या नातीचा पहिला वाढदिवस. बाहेरच्या खोलीत वंदना झाली, खीर झाली, इथली चार-पाच मराठी कुटुंबं सतरंजीवर बसलेली, आत माझं पुऱ्या तळणं चाललेलं. आणि आजी आल्या. निळा कोट, मोत्यांची माळ आणि हातात पातळ पांढऱ्या कागदात गुंडाळलेली लांबडी भेट.

आता आमची रीत अशी की भेट हातात घ्यायची, "कशाला आणलंत उगीच" म्हणायचं, आणि आतल्या पलंगावर नेऊन ठेवायची. पाहुण्यांसमोर उघडायची नाही, हावरेपणा दिसतो. त्यांची रीत बरोब्बर उलटी. सासूबाईंनी भेट घेतली, गोड हसल्या आणि आत नेऊन ठेवली. आजी कोट न काढता तिथेच उभ्या. मी पुरी तळता तळता बघतेय, या बसत का नाहीत? मग डोक्यात उजेड पडला. धावत जाऊन भेट परत आणली आणि सगळ्यांसमोर कागद काढला.

बाटली बघून खोलीत असं काही गप्प झालं की काय सांगू. आजींना वाटलं, लोक ऐकायला थांबलेत. त्यांनी लेकीला कडेवर घेतलं आणि छोटंसं भाषणच केलं. "ही तुमच्यासाठी नाही," त्या मला जर्मनमध्ये म्हणाल्या, "हिच्यासाठी आहे. ही जन्मली त्या आठवड्यात तोडलेल्या द्राक्षांची. माझ्या भावाने केलेली. अंधारात ठेवा, थंड ठेवा, आडवी ठेवा. ही सोळा वर्षांची झाली की आम्ही दोघी मिळून उघडू." या देशात सोळाव्या वर्षी मुलांना वाइन चालते. मी म्हटलं, "जा, जा, गेनाऊ." म्हणजे हो, हो, अगदी बरोबर. इथे येऊन आधी शिकतो आपण ते शब्द, आणि समोरचा काय म्हणतोय याकडे लक्ष नसलं की तेच तोंडात येतात. माझं लक्ष कढईकडे होतं. आणि मनात काय आलं सांगू? सोळा वर्षं! सोळा वर्षांनी आम्ही कुठे आणि या कुठे!

सासूबाई हसऱ्या चेहऱ्याने मराठीत म्हणाल्या, "बाप्पा बाप्पा! वर्षाच्या लेकराला दारू?"

आजींनी विचारलं, काय म्हणाल्या त्या?

"म्हणतायत, बाटली फार सुंदर आहे," नवरा म्हणाला.

आजी खूश झाल्या. पण आजींचं भाषण सासूबाईंना कुणी सांगितलं? कुणीच नाही. मला वाटलं नवऱ्याने सांगितलं, त्याला वाटलं मी सांगितलं. एवढंच झालं. कुणी काही वाईट केलं नाही हो. पण त्या एका न सांगितलेल्या वाक्याची आठवण झाली की आजही मला माझा आणि त्याचा, दोघांचा राग येतो.

बाटली सासूबाईंनी बाल्कनीत ठेवली, जिथे वंदना होते त्या खोलीत नको म्हणून. पुढच्याच आठवड्यात आम्हाला हॅनोव्हरला जायचं होतं. तिथल्या एका कंपनीत इंजिनिअर असलेले आमच्यातलेच एक दादा आणि त्यांच्या घरच्या वहिनी, त्यांनी स्वतःचं घर घेतलं होतं. निघायच्या घाईत मी म्हटलं, "आई, त्यांना न्यायला काहीच नाही घेतलं!" सासूबाई म्हणाल्या, "थांब." आणि बाल्कनीतून तीच बाटली त्याच पांढऱ्या कागदात गुंडाळून घेऊन आल्या. "इथल्या लोकांत नवीन घराला हेच देतात म्हणे. त्यांच्या साहेबाला पाजतील. आपल्या घरातून गेली म्हणजे झालं." सासरे म्हणाले, "बघा, अक्कल लागते याला!" आम्ही सगळे हसलो. गाडीत ती बाटली लेकीच्या बाबागाडीखालच्या जाळीत होती. लेक वरती झोपलेली.

बास. इतकी साधी गोष्ट. त्यानंतर मी ती विसरले.

पुढच्या वर्षी आम्ही पुण्याला गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कंत्राट वाढलं, मग पक्कं झालं, मग खोकी उघडली, मग पडदे आले. लेक आजींच्या घरातच मोठी झाली असं म्हटलं तरी चालेल. बालवाडीला सुट्टी असली, तिला ताप आला, आम्हा दोघांना एकाच वेळी मीटिंग लागली, की लेक खाली. मी मराठीत विचारलं तर ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि आजींनी त्यांच्या खेडवळ बोलीत विचारलं तर त्याच बोलीत! माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. ती त्यांना ओमा म्हणायची, म्हणजे आजी. नागपूरची आजी फोनवर, ओमा खाली.

मधे आजींचा भाऊ गेला. मागे कुणी नाही, तेव्हा मळा शेजारच्या बड्या बागायतदाराने घेतला, तळघर रिकामं झालं. आजी शेवटच्या जाऊन आल्या त्या वर्षी दारात परडी आली नाही. मी खाली गेले तर त्या स्वयंपाकघरात कोट घालूनच बसलेल्या. "त्यांनी जुन्या वेली उपटल्या," एवढंच म्हणाल्या. मी चहा केला.

मग त्या जिन्यात पडल्या आणि आमच्याच गावातल्या नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात गेल्या. नजर गेली, कडा आणि सावल्या तेवढ्या दिसतात. लेक दर शनिवारी जाते, त्यांना पेपर वाचून दाखवते. इतक्या वर्षांत आजींनी बाटलीचा विषय एकदाही काढला नाही. त्यांच्याकडे दिलेल्या बाटलीची चौकशी करत नाहीत. ती आपली अंधारात पडलेली असते आणि वेळ आली की उघडायची असते. चौकशी कसली करायची त्यात?

गेल्या सप्टेंबरच्या एका शनिवारी लेक तिकडून आली, सायकल जिन्यात टाकली आणि दारातूनच म्हणाली, "ममा, माझी बाटली कुठे आहे?"

"कसली बाटली? पाण्याची? बॅगेत बघ."

"नाही गं. ओमा म्हणाली, माझी एक वाइनची बाटली आहे तुमच्याकडे. तिच्या भावाने केलेली. माझ्या जन्माची. सोळाव्या वाढदिवसाला घेऊन ये म्हणाली." आणि मग जरा हळू, "ममा, तिच्याकडे एकही नाही. तळघर विकलं तेव्हा सगळ्या बाटल्या गेल्या. ती म्हणते, तुझी शेवटची आहे. मरायच्या आधी एकदा भावाच्या हातचं चाखायचंय तिला."

पांढरा कागद, बाल्कनी, बाबागाडीची जाळी, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर. मी तिला म्हटलं, "बघते." आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

मग फोन. आधी नागपूरला. सासूबाई आता थकल्यात, पण स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चोख. "ती हिरवी होय? हॅनोव्हरला दिली आपण. का गं?" मी सगळं सांगितलं. "आपल्या पोरीची होती का ती?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हा दोघांना आणली. मला सांगायचं ना गं कुणीतरी. दारू असली म्हणून काय झालं, माहेरच्या माणसाची आठवण होती ती बाईची. मी कुलपात ठेवली असती." गुत्ता बंद पाडणारी बाई, आणि फोनवर रडत होती.

मग हॅनोव्हर. वहिनी म्हणाल्या, "अगं, आम्ही कुठे घेतो? यांचे साहेब यायचे होते, ते काही आलेच नाहीत. मग आपली गार्चिंगची ताई नाही का, तिला डॉक्टरेट मिळाली तेव्हा दिली. म्हटलं, तिच्या प्राध्यापकाला उपयोगी पडेल." म्हणजे बाटली उघडली नव्हती! माझ्या जिवात जीव आला. बघा हं, कसं असतं: आमच्यातलं कुणी पीत नाही, म्हणून तर ती वाचली असणार. मी मनातल्या मनात पाचव्या शीलाला हात जोडले.

गार्चिंगची ताई म्युनिकच्या बाहेर त्या मोठ्या विद्यापीठाच्या परिसरात राहते, अजून तिथेच शिकवते. तिला फोन लावला तेव्हा लेक माझ्या शेजारी येऊन बसलेली, नवरा दारात उभा. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "बाटली आहे गं. आतलं नाही."

"प्यायलात?"

"छे! आई आली होती माझी, सुट्टीत. मी लॅबमध्ये होते. आईने पाहिलं, म्हणाली ही घरात कशाला? सिंकमध्ये ओतली. वर मला म्हणते, पाइप तरी साफ होईल. बाटली मात्र छान होती म्हणून ठेवली. मनीप्लांट लावलाय तिच्यात." आणि मग, "मला माहीत नव्हतं हो."

माहीत नव्हतं. कुणालाच काही माहीत नव्हतं. तीन घरं, तिन्ही घरांत भली माणसं, शील पाळणारी, रिकाम्या हाताने कुणाकडे न जाणारी. यात चोर कोण? एखादा चोर सापडला असता तर मी त्याला चांगलं झोडपलं असतं आणि मोकळी झाले असते.

नवऱ्याने रात्री जेवताना तोड काढली. "आपण त्याच भागातली, त्याच वर्षाची दुसरी चांगली बाटली शोधू. त्यांना दिसत तर नाही. म्हातारं माणूस आहे, तेवढाच आनंद."

खरं सांगते, मी 'हो' म्हणणार होते. मला ते पटलंही होतं.

लेकीने ताटातला हात थांबवला. "नागपूरची आजी फोनवर रोज पंचशील म्हणवून घेते ना माझ्याकडून? चौथं कुठलं?"

चौथं शील खोटं न बोलण्याचं.

"पाचवं पाळायला वाइन सिंकमध्ये ओतली," लेक जर्मनमध्ये तडातडा बोलत होती, "आणि आता ते लपवायला चौथं मोडायचं? आणि पप्पा, ती त्या तळघरात जन्मली. तिला चव कळणार नाही?" मुलगी बोलली ते खोटं नव्हतं. तिच्या बापाने मान खाली घालून वरण कालवलं.

ती स्वतः पिणार होती का? हा वाद आमच्यात आधीच होऊन गेला होता. "एक घोट," ती म्हणाली होती, "ओमासाठी. पुढचं माझं मी ठरवीन." मी मानलं होतं. आता मानण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

ताई बाटली घेऊन स्वतः येते म्हणत होती, पण लेक ऐकेना. आम्ही दोघी जाऊन आलो. स्वयंपाकघराच्या खिडकीत ती उभी होती, आणि खरंच सांगते, दिसत होती देखणी. वेल पार पडद्याच्या दांडीपर्यंत चढवलेली, पानं तुकतुकीत. लेबल उन्हाने फिकं झालेलं, तरी वर्ष वाचता येत होतं, आणि खाली त्या घराण्याचं नाव. ताईने वेल कापून तिच्यात वीतभर फांदी ठेवून दिली. "रिकामी कशी देऊ?" म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. आमची माणसं! बाटली रिकामी होती हेच तर सगळं दुखणं होतं, पण तिच्यावर काय चिडणार? मीही तेच केलं असतं.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी आम्ही तिघं वृद्धाश्रमात गेलो. आजी खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या, निळा कोट आता सैल झालेला, गळ्यात तीच माळ. समोरच्या टेबलावर इस्त्रीचा पांढरा रुमाल आणि त्यावर दोन पेले, हिरव्या दांड्यांचे, त्यांच्या गावचे. तिथली परिचारिका माझ्या कानाशी म्हणाली, सकाळपासून दोनदा धुवून घेतलेत माझ्याकडून. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

लेकीने बाटली त्यांच्या हातात दिली. आजींची बोटं बुडापासून वर सरकली, लेबलाच्या कडेवर थांबली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की मी दुसरीकडे बघितलं. मग बोटं आणखी वर गेली आणि पानाला लागली.

"हे काय?"

लेकीने सांगितलं. काही गाळलं नाही, कुणाला वाचवलं नाही, कुणावर ढकललंही नाही. वाढदिवस, हॅनोव्हर, गार्चिंग, सिंक. मी मधे "सॉरी, फार सॉरी" असं काहीतरी बडबडले, पण आजींनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना तिचं ऐकायचं होतं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"पण प्यायलं कुणी? त्यांना आवडली?"

त्यांना ते ओतून टाकणं कळलंच नव्हतं. की कळूनही मानवत नव्हतं? लग्नात, मेजवानीत, अनोळखी माणसांनी का होईना, कुणीतरी दिव्याखाली पेला धरून "वा!" म्हटलं असेल, एवढंच त्यांना हवं होतं.

"कुणीच नाही, ओमा," लेक म्हणाली.

"कुणीच नाही?"

"नाही."

आजींनी फांदी ओढून काढली, रुमालावर ठेवली, बाटलीचं तोंड नाकाशी नेलं आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. बाटलीला साचलेल्या पाण्याचा वास येत होता, तो मला माझ्या जागेवरून येत होता. त्यांनी बाटली खाली ठेवली. "शाडे," त्या म्हणाल्या. बस चुकली, दुकान बंद निघालं, केक करपला, की इथले लोक हाच शब्द म्हणतात. वाईट झालं, एवढाच त्याचा अर्थ. मला वाटलं होतं त्या चिडतील. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्या लेकीला सांगू लागल्या. त्या वर्षी पाऊस थांबत नव्हता, भावाने शेवटची रांग राखून ठेवली होती, सगळे म्हणत होते कुजेल. चार दिवस ऊन पडलं. पाचव्या दिवशी पहाटे दोघा बहीण-भावाने मिळून ती रांग तोडली आणि दुपारी फोन आला की वरच्या मजल्यावरच्यांना मुलगी झाली. भाऊ म्हणाला होता, चल, अखेर आपल्या घरातही बाटली ठेवायला एक मूल आलं. त्यांच्या घरात प्रत्येक मुलामागे तशी एक बाटली ठेवत आलेले. शेवटच्या दोन, एक त्या स्वतः जन्मल्या तेव्हाची आणि एक भावाची. त्यानंतर कुणासाठी ठेवायला कुणी नव्हतंच.

लेक त्यांचा हात धरून बसली होती. मी टेबलावरचे पेले बघत होते.

जरा वेळाने आजींनी रुमालावरची फांदी चाचपली. "ही कसली वेल? द्राक्षं येतात हिला?"

"नाही, ओमा. नुसती वाढते."

"बरं," त्या म्हणाल्या. परिचारिकेला सांगून त्यांनी पेल्यांत सफरचंदाचा रस ओतवून घेतला, लेकीच्या पेल्याला पेला लावला आणि तिच्या डोळ्यांकडे बघून, म्हणजे त्यांना वाटत होतं तिथे बघून, वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. अर्धा घोट घेतला. बाकीचा तसाच राहिला.

बाटली त्यांनी ठेवून घेतली नाही. ती आता आमच्या तळघरात आहे, अंधारात, आडवी. लेकीने ठेवली आहे.

परत येताना ट्रामच्या थांब्यावर नवरा जरा पुढे जाऊन उभा राहिला. लेक माझ्याशी बोलत नव्हती. ट्राम यायला वेळ होता. शेवटी मीच म्हटलं, "अगं, आम्हाला कुठे वाटलं होतं इथे राहू म्हणून. दोन वर्षांचं कंत्राट होतं. पडदेसुद्धा घेतले नव्हते आम्ही. सोळा वर्षांनंतरचं कोण सांभाळून ठेवतं? आम्ही इथले नव्हतोच गं तेव्हा."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी उत्तर दिलं असतं.

"पण मी होते ना," ती म्हणाली, मराठीत.